कॉलरखालच्या सुया

“नंबर काय, कोणीपण मारतो. भोक काय म्हणतंय ते बघ.”

असं म्हणत तो मान जराशी वाकडी करायचा, दोन बोटं शर्टाच्या कॉलरखाली घालायचा आणि तिथून एक सुई बाहेर काढायचा. शिलाई मशीनची सुई, टोक मोडलेली. ती तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये घालून बघायचा. जेट म्हणजे पितळेचा बारकासा स्क्रू, त्याला मधोमध आरपार भोक. इंजिनाला किती पेट्रोल मिळणार ते त्या भोकावर ठरतं. सुई अलगद गेली तर ठीक. अडली, नाहीतर आत ढिली पडली, तर जेट बाजूला. मग त्यावर छापलेला नंबर काहीही असो.

तुम्ही म्हणाल, सुईचा आणि गाडीचा काय संबंध. पहिल्या दिवशी मीही हसलो होतो. पण सुईवर नंबर असतो, नव्वद, शंभर, एकशे दहा. जेटवरही तसाच नंबर असतो. आणि दोन्हीकडचं माप एकच, शंभर म्हणजे एक मिलिमीटर. उल्हासनगरात एका गल्लीत जीन्स शिवतात आणि पलीकडच्या गल्लीत इंजिनं खोलतात, पण ह्या दोन नंबरांची एकमेकांशी ओळख करून दिली ती मी पाहिलेल्यांत फक्त त्याने. त्याची बायको अंबरनाथला बुवापाड्यातल्या घरी जीन्सचे पीस शिवायची. जाड कापडाने सुया मोडायच्या. मोडलेल्या सुया ह्याच्या. तिनेच त्याच्या शर्टांच्या कॉलरखाली पाच बारीक घरं शिवून दिली होती, नव्वदपासून एकशे पंचवीसपर्यंत, ओळीने.

त्याचं नाव मी लिहीत नाही. गॅरेजात सगळे मिस्त्री म्हणायचे. मीही तोंडावर “मिस्त्री, तुम्ही” म्हणायचो आणि मनात “तो”. तेव्हाचं सांगतोय तर तेव्हाचाच शब्द राहू दे.

मी परभणीकडचा. सातवीला दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बसलो नाही. एका गाववाल्याच्या भरवशावर कल्याणला उतरलो. गाववाला काही भेटला नाही, आणि हिंडत हिंडत उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या गॅरेजसमोर येऊन उभा राहिलो. शेठने गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. आधी बशीत दाल-पकवान दिलं, म्हणजे डाळ आणि कडक तळलेल्या पुऱ्या, मग रॉकेलचा डबा आणि ब्रश. “धो,” म्हणाला. नऊ वर्षं मी कार्बोरेटर धुतले, खोलले, जोडले. झोपायला गॅरेजचाच माळा. पुढे पुढे तर शेठ गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, “ये मेरा कार्बोरेटर है.” ऐकणारे हसायचे. मला मात्र ते दिवसभर पुरायचं. गावाकडे मला जी नावं होती ती इथे सांगण्यासारखी नाहीत.

असं नऊ वर्षं चाललं, आणि मग तो आला.

अंबरनाथच्या एका कारखान्यात तो फिटर होता. कारखान्याला टाळं लागलं. तेव्हा बरेच कारखाने तसे बंद पडत होते, आणि चाळिशीतली माणसं डब्याची पिशवी घेऊन कुठे कुठे विचारत फिरायची. तोही तसाच आला. पायात कारखान्याचे बूट, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्या दिवशी एक टेम्पो तीन दिवसांपासून दारात अडून बसला होता. मी त्याचा कार्बोरेटर दोनदा खोलून जोडला होता. ह्याने बॉनेटवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा. मग टाकीचं झाकण नुसतं सैल केलं. टेम्पो चालू झाला. झाकणाचं हवेचं भोक बुजलं होतं, एवढंच.

“कार्बोरेटर चांगला जोडलाय कोणी तरी,” तो म्हणाला.

कौतुकच होतं ते. मला वाटलं, चारचौघांत थोबाडीत मारली.

रविवारी शेठच्या घरून दाल-पकवानची एक बशी माझ्यासाठी यायची. तो आल्यावर दोन यायला लागल्या. माझी काही कमी झाली नव्हती, पण मी दोन्ही बशांतले पकवान मोजायचो. एकदा त्याच्या बशीत एक जास्त निघाला. त्याने तो मधून मोडला आणि अर्धा माझ्या बशीत टाकला. “घ्या पाव्हणं,” म्हणाला. माझ्या बोलण्यावरून त्याने मला ‘पाव्हणं’ हे नाव पाडलं होतं. मी तो अर्धा तुकडा खाल्ला नाही. दुपारी भूक लागली तेव्हा खाल्ला.

त्याला कान होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो उभा राहायचा आणि कुठला व्हॉल्व कुरकुरतोय ते सांगायचा. मीही एकटा असताना तसं करून बघायचो. मला फक्त इंजिन ऐकू यायचं.

त्याच सुमारास ती लाल गाडी आली.

जीन्सच्या एका कारखानदाराचा मुलगा, आम्ही त्याला छोटा शेठ म्हणायचो, त्याच्या मामाने आखाती देशातून आणलेली. दोन दारांची, जपानी, बसकी. गल्लीत शिरली की भजीवाला कढईवरचं लक्ष काढायचा. छोट्या शेठला ती अजून जोरात पळवायची होती. कुठल्याशा मासिकात त्याने टर्बो पाहिला होता आणि परदेशी इंजिनांच्या भंगारातून एक मिळवलाही होता. गोगलगाईसारखं दिसणारं बिडाचं धूड. सायलेन्सरकडे जाणारी गरम हवा त्यातलं एक चक्र फिरवते आणि दुसरं चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबते. जास्त हवा, जास्त ताकद. कल्याणपासून कर्जतपर्यंत असलं काम कोणी केल्याचं आमच्या ऐकण्यात नव्हतं.

शेठने गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि मिस्त्रीकडे बघितलं. मला ते अपेक्षित होतं. पण नंतर शेठ छोट्या शेठला म्हणाला, “टेन्शन मत ले. कार्बोरेटर भी वही खोलेगा.”

मी तिथेच उभा होतो. माझ्या हातात ब्रश होता.

टर्बो त्याला द्या, इंजिन त्याला द्या, माझं काही म्हणणं नव्हतं. पण कार्बोरेटर म्हणजे मी होतो. कार्बोरेटर गेला तर माळ्यावर झोपायचा माझा हक्क कशावर, रविवारची बशी कशावर. परत परभणीची गाडी पकडून कुणाच्या दारात जाऊन उभा राहणार होतो मी? नोकरी टिकेल का नाही, असं कोणाला विचारताही येईना. शेठचे माझ्यावर उपकार होते, आणि उपकार केलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही.

पहिले पाच दिवस त्याने टर्बोला हातसुद्धा लावला नाही. टर्बो बाकावर पडून, आणि हा गाडीच्या मागच्या बाजूला. टाकी उतरवली, जाड पाइप टाकला, टाकीपाशी विजेवर चालणारा मोठा पंप बसवला, जास्तीचं पेट्रोल परत टाकीत जाईल अशी वेगळी नळी ओढली. छोटा शेठ रोज यायचा आणि रोज तेच विचारायचा.

“टर्बो कब लगेगा, मिस्त्री?”

“पहले इसका खाना लगाने दो,” तो गाडीखालूनच म्हणायचा. मग आमच्याकडे बघून मराठीत, “आधी तिला खायला घाला, मग पळायला सांगा.”

सहाव्या दिवशी त्याने मला बोलावलं. गाडीला दोन कार्बोरेटर होते, दोन्हींत एकशे दहाचे जेट. टर्बोच्या हवेला ते पुरणार नव्हते. “पाव्हणं, एकशे पंचवीसचे दोन घेऊन या. बाजार तुम्हाला माहीत.”

बाजार मला माहीत होताच. कॅम्प तीन वस्तीतल्या एका बोळात एक दुकान होतं. पितळेचे जेट तिथे चण्यासारखे वाडग्यात भरून ठेवलेले असत, बऱ्याच जेटांवर नंबरच नसायचा. शेजारी आकड्यांचे लोखंडी ठसे आणि हातोडी. दुकानदाराने वाडगा चाळला.

“एक सौ पच्चीस नहीं है. एक सौ दस का माल है.”

मी परत फिरायला हवं होतं.

“नंबर कौनसा मारूं?” त्याने सवयीने विचारलं. तो प्रत्येकालाच विचारायचा. उल्हासनगरात माल एक आणि नंबर मागाल तो.

“एक सौ पच्चीस,” मी म्हणालो.

ठक, ठक, ठक. दोन्ही जेटांवर. आकडे सुरेख उठले. मला एवढंच हवं होतं की गाडी शेठसमोर जरा खोकावी, अडखळावी, आणि शेठने म्हणावं, कार्बोरेटर का काम था, इसको देना चाहिए था. त्याहून जास्त वाईट माझ्या मनात नव्हतं. खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला कळतही नव्हतं.

मी गॅरेजात परतलो तेव्हा तो पेढे वाटत होता. मुलगी दहावी पास झाली होती. अंगात नवाकोरा शर्ट, बायकोने मुद्दाम घ्यायला लावलेला. सातवी नापास माणसाने दहावीचा पेढा कसा खायचा ते तुम्हीच सांगा. मी खाल्ला, आणि दोन जेट त्याच्या हातावर ठेवले.

त्याची दोन बोटं कॉलरखाली गेली आणि तिथेच थांबली. नव्या शर्टाला घरं शिवलेली नव्हती. सुया राहिल्या घरी, जुन्या शर्टात.

त्याने जेट उजेडाला धरले, नंबर वाचला, माझ्याकडे बघितलं. “तुम्ही आणलेत ना, मग झालं,” म्हणाला आणि दोन्ही बसवून टाकले.

संध्याकाळी हात धुताना त्याने पिशवीतून एक जुना पिस्टन काढून मला दाखवला. कारखान्यातल्या कुठल्याशा इंजिनाचा, त्याने ठेवून दिलेला. डोक्यावर मधोमध भोक, मेण वितळावं तसं.

“हे कशाने झालं सांगा.”

“कशाने?”

“हवा भरपूर मिळाली, खायला नाही मिळालं. मग जळणारच. माणसाचंपण तसंच असतं.”

तो पिस्टनकडे बघत होता, माझ्याकडे नाही. पण माझ्या हातातला साबण निसटला. टर्बो लावलेल्या इंजिनाला पेट्रोल कमी पडलं की ते खोकत नाही, वितळतं, हे मला त्या नळापाशी पहिल्यांदा कळलं. छोट्या शेठची गाडी, शेठचं नाव, आणि आजच मुलीचे पेढे वाटलेल्या ह्याची नोकरी, सगळंच जाणार होतं. आणि तरी मी साबण उचलला आणि हात धुत राहिलो. सांगायचं तर काय सांगणार? मी ठसा मारून आणलाय?

दोन दिवसांनी टर्बो बसला. तेलाची नळी जोडली, हवेचे पाइप आवळले. बदलापूर रोडला गाडी पळवून बघायचं ठरलं. सकाळी दहाची वेळ, सगळी गल्ली जमलेली. शेठच्या बायकोने बॉनेटला कुंकू लावलं. छोटा शेठ स्टिअरिंगवर, इंजिन चालू, आवाज असा गोड की भजीवाल्याने पुन्हा कढई सोडली. मिस्त्री शेजारच्या सीटवर बसायला दार उघडत होता. अंगात रोजचा जुना शर्ट. कॉलरखाली सुयांची ओळ फुगलेली मला दिसत होती.

“मिस्त्री,” मी म्हणालो.

“काय पाव्हणं?”

“सुई घातली नाही आपण.”

माझा आवाज एवढा बारीक निघाला की मलाच ऐकू आला नसता. पण त्याला कान होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मग आत हात घालून त्याने चावी फिरवली, इंजिन बंद केलं.

“बरोबर,” म्हणाला. “नाही घातली.”

तिथेच, कुंकवाच्या बॉनेटखाली, सगळ्यांसमोर त्याने दोन्ही कार्बोरेटर उघडले आणि जेट बाहेर काढले. एकशे पंचवीसची सुई पहिल्यात गेली नाही. दुसऱ्यात गेली नाही. एकशे दहाची गेली, अलगद. त्याने जेट फिरवून नंबरावरून अंगठा फिरवला. पितळ नवं होतं, ठशाच्या कडा बोटाला लागत असणार.

“क्या हुआ?” शेठने विचारलं.

मी माळ्याकडे बघितलं. माझी पत्र्याची पेटी तिथे होती. ती किती वेळात भरून होईल याचा मी विचार करत होतो.

“जेट छोटे निकले, शेठ,” तो म्हणाला. “इसने पकडा.”

“किसने?”

“इसने. मैं तो ऐसे ही जा रहा था. इंजन बच गया.”

शेठ माझ्याकडे वळला आणि त्याने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढे दोन पावलं गेलो. छोट्या शेठला म्हणाला, “देखा? बोला था ना, ये मेरा कार्बोरेटर है.”

मिस्त्रीच्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी पकडलं होतं. तुम्ही कधी चोरीबद्दल बक्षीस घेतलंय का? मी घेतलं, पाठीवर.

मग त्याने मला बाकाशी नेलं. बोटांनी फिरवायचं बारीक ड्रिल माझ्या हातात दिलं आणि दोन्ही जेट पुढे ठेवले. “तुमचा हात हलका आहे. तुम्ही करा.”

मी आधी कानस उचलली. नंबर घासून काढावा असं वाटलं.

“नंबर कशाला पुसताय,” तो माझ्या कानाशी म्हणाला. “भोक मोठं करा. नंबर आपोआप खरा होईल.”

मी भोक मोठं केलं. पितळेचा बारीक भुगा माझ्या घामेजल्या बोटांना चिकटत होता. एकशे पंचवीसची सुई दोन्हींतून अलगद गेली तेव्हा त्याने ती पुसून कॉलरखाली ठेवली. दुपारी गाडी बदलापूरपर्यंत जाऊन आली. छोटा शेठ उतरला तो लाल होऊन, गाडीपेक्षा लाल. ह्याने प्लग काढून मला दाखवला. “पांढरा असला की उपाशी. काळा असला की ओकेपर्यंत खाल्लंय. हा बघा.” प्लगचं टोक चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं तपकिरी होतं.

त्या दिवसापासून माझं जळणं थांबलं असं मी लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. थांबलं नाही. उलट वाढलं. आधी मी त्याच्या कानावर जळायचो, हातावर जळायचो. आता तो असा कसा वागू शकला, ह्यावर जळायला लागलो. कान कमावता येईल, हात बसवता येईल, हे कुठून आणायचं? आणि त्याला सगळं कळलं होतं की नाही, हेही मला कळेना. कधी वाटायचं, कळलंय. कधी वाटायचं, बाजाराने फसवलं असंच तो समजतोय. “पाव्हणं” तो आधीच्याच सुरात म्हणायचा.

दोन वर्षांनी शेठने बदलापूरला दुकान घेतलं आणि ते चालवशील का म्हणून त्याला विचारलं. त्याने सांगितलं, “मला लांब पडतं. पाव्हण्याला द्या, कार्बोरेटरचा माणूस आहे.” अंबरनाथहून उल्हासनगर एक स्टेशन, आणि बदलापूरही एकच स्टेशन. हे शेठलाही माहीत होतं, मलाही. दुकान मला मिळालं. दारावर पाटी लागली, ‘कार्बोरेटर स्पेशालिस्ट’, खाली माझं नाव. पाटी बघितली की मला तो ठोकलेला ठसाच आठवायचा. आधी नंबर मारून घेतला होता, आता माणूस तेवढा करायचा होता. मी सुया विकत आणल्या, न मोडलेल्या, आणि प्रत्येक जेट बघायला लागलो.

बऱ्याच वर्षांनी एक दिवस ती लाल गाडी माझ्या दारात आली. रंग उडालेला, तिसरा का चौथा मालक. टर्बो कोणीतरी कधीच काढून विकला होता. “पेट्रोल लई पिते, काळा धूर सोडते,” मालक म्हणाला. मी कार्बोरेटर उघडले. आत माझे दोन जेट होते. एकशे पंचवीस. ठशाच्या कडा आता गुळगुळीत झाल्या होत्या. सुई घातली, अलगद गेली.

टर्बो नाही तर एवढं पेट्रोल कशाला. मी एकशे दहाचे बसवून दिले, आणि हे दोन खिशात घालून त्याच संध्याकाळी बुवापाड्यात गेलो. आज सांगून टाकायचं असं ठरवलं होतं. याआधीही तीनदा ठरवलं होतं आणि तीनदा चहा पिऊन परत आलो होतो.

बुद्धविहाराच्या मागची ती खोली. दारात एक अनोळखी बाई लसूण सोलत बसली होती.

“मिस्त्री आहेत का?”

“ते गेले. सहा महिने झाले. मुलीला नाशिककडे शाळेत नोकरी लागली, तिच्याकडे गेले दोघंही.” मग माझा चेहरा बघून म्हणाली, “बरे आहेत ते. दिवाळीला येतो म्हणालेत भेटायला. काही निरोप आहे का?”

निरोप. मी खिशातले जेट चाचपले.

“त्यांना सांगा, नंबर अजून बरोबर आहे.”

“फोनचा का?” तिने लसूण खाली ठेवला आणि पोराच्या वहीचा कागद फाडून पुढे केला. “लिहून द्या, आकडे माझ्या बाई लक्षात नाही राहत.”

मी १२५ लिहिलं, आणि खाली लिहिलं, पाव्हणं.

“तीनच आकडे?”

“तीनच. त्यांना कळेल.”

दाराची चौकट जुनी होती. तिच्या फटीत मशीनच्या मोडक्या सुया खोचलेल्या तशाच राहिल्या होत्या, ओळीने. बाईने कागदाची घडी केली आणि दोन सुयांच्या मधे नीट अडकवून ठेवली.